कात्री कोणाच्या हातात?

आपल्याकडे कार्यक्रम ठरला की मंडप, माईक, बॅनर, फुले, भोजनदान या सगळ्याची जबाबदारी वाटून दिली जाते. हल्ली शूटिंगसाठीही एक माणूस सांगितला जातो. पण शूटिंग झाल्यावर पुढे काय? ते कोण कापतो, कोण जोडतो, ते कोणत्या डिस्कवर जाते आणि ती डिस्क दहा वर्षांनी चालते का, हा विषय मी आजवर एकाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर पाहिलेला नाही. व्हिडिओ एडिटिंग ही 'टेक्निकल' पोरांची कटकट आहे असे आपण ठरवून टाकले आहे. माझे म्हणणे असे, की या कटकटीत आपल्या इतिहासाचा मोठा भाग अडकून पडलाय. काही भाग तर मेलाही आहे.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. २०१० साली मी समाजशास्त्रात एम.ए. करत होते. तेव्हा टिटवाळा, मांडा आणि आसपासच्या पाड्यांतल्या बुजुर्गांच्या मुलाखती घ्यायचे आम्ही चौघांनी ठरवले. ज्यांनी १९५६ पाहिले अशी माणसे तेव्हा साठी-सत्तरीत होती. नागपूरला जाऊन आलेले फारसे कोणी सापडले नाही. भाड्याला पैसे कुठून असणार? पण ७ डिसेंबरला दादरला गेलेले मात्र भेटले. त्या दिवशी बाबासाहेबांच्या पार्थिवाच्या साक्षीने भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखभर लोकांना दीक्षा दिली हे आपण पुस्तकात वाचतो. त्या लाखात आमच्या विहारातल्या एक आजी होत्या. तेव्हा दहा वर्षांच्या. बापाचे बोट धरून गाडीने दादरला गेलेल्या.

आजींची मुलाखत साडेतीन तास चालली. चार मिनी-डीव्ही टेपा. कॅमेरा उसना, आणि कॉम्प्युटर एका मित्राच्या भावाचा, १६० जीबीच्या हार्ड डिस्कचा. या टेपेचे एक तासाचे चित्रण कॉम्प्युटरवर उतरवले की साधारण १३ जीबी जागा खाते. म्हणजे एकट्या आजींचे ४५ जीबी झाले. शिवाय टेप उतरवायची तर साडेतीन तासांची टेप साडेतीन तासच चालवावी लागते, त्यात घाई चालत नाही. आणि त्या दिवसांत टिटवाळ्याला भारनियमन होते. वीज गेली की टेप पुन्हा मागे न्या, पुन्हा सुरू. इन्व्हर्टर ही तेव्हा आमच्या आळीत श्रीमंतांची वस्तू होती. पन्नासएक मिनिटांचा कापलेला भाग डीव्हीडीच्या साच्यात बसवायला तो कॉम्प्युटर रात्रभर घरघरायचा, आणि पहाटे ब्याण्णव-त्र्याण्णव टक्क्यांवर वीज गेली की सगळे पहिल्यापासून. जे झाले तेवढे जपून ठेवावे आणि तिथून पुढे चालावे, एवढी साधी माणुसकी त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. ज्या देशात ते बनले तिथे रोज सहा तास वीज जाते अशी कल्पनाच कोणी केलेली नसणार.

ते सॉफ्टवेअर आम्ही फुकटात मिळालेल्या चाचणी आवृत्तीवर वापरत होतो. विकत घ्यायचे तर माझ्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त पैसे. चाचणी आवृत्तीची अट अशी, की तयार होणाऱ्या चित्रावर आडवे कंपनीचे नाव उमटणार. पहिली डिस्क तयार झाली, टीव्हीला लावली आणि पाहिले तर आजींच्या कपाळावर, बरोबर कुंकवाच्या जागी, एका परदेशी कंपनीचे नाव. आजी हसल्या. "माज्या कपाळावर कोनाचं नाव गोंदलंस गं?" म्हणाल्या. मला काही हसू आले नाही.

मग मराठी अक्षरांचा प्रश्न. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तो आजही पूर्ण सुटलेला नाही. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने अक्षरानंतर येते पण लिहिताना अक्षराच्या आधी काढतात. कॉम्प्युटर ती उच्चाराच्या क्रमाने साठवतो आणि पडद्यावर दाखवताना तिला उचलून पुढे आणतो. जोडाक्षरेही तो तशीच दाखवताना जुळवतो. हे जुळवण्याचे काम ज्या सॉफ्टवेअरला शिकवलेले नाही ते अक्षरे नुसती ओळीने मांडत जाते. आमच्या पडद्यावर 'टिटवाळा'चे 'टटिवाळा' झाले, 'विहार'चे 'वहिार' झाले आणि 'दीक्षा'मधला क्ष मोडून त्याचे दोन तुकडे पडले. त्याच सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीसाठी शेकडो फॉन्ट होते, अक्षरे उडवण्याचे, वितळवण्याचे, पेटवण्याचे परिणाम होते. आमच्या गावाचे नाव मात्र त्याला लिहिता येत नव्हते.

यावर त्या काळी दोनच उपाय होते. एक म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट. त्यात अक्षरे दिसतात त्याच क्रमाने टाइप होतात, म्हणून मोडत नाहीत. पण त्यात लिहिलेले दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेले आणि तिथे तो फॉन्ट नसला की सगळे अगम्य. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक नाव, प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी लिहून तिचे चित्र बनवायचे आणि ते चित्र व्हिडिओवर चिकटवायचे. आम्ही दुसरा धरला. आजी ठाण्याकडच्या जुन्या बोलीत बोलतात, नव्या पोरांना काही शब्द कळत नाहीत, म्हणून खाली ओळी देणे भाग होते. ३०० च्या वर चित्रे बनवली. पुढे कित्येक वर्षांनी एका नामांकित सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठी वेगळा पर्याय आलेला पाहिला. तो आपोआप चालू नसतो, मेनूच्या आत शोधून चालू करावा लागतो. कोट्यवधी लोकांची लिपी, आणि तिची सोय पोटमेनूत! व्यवस्थेत आपली जागा कुठे धरलेली असते, हे समाजशास्त्राच्या वर्गात मला दोन वर्षे शिकवत होते. ते मला त्या मेनूत एका मिनिटात दिसले.

आता डिस्कचे पाहू. डिस्कच्या मुखपृष्ठासाठी, म्हणजे डिस्क लावल्यावर पहिल्यांदा दिसणाऱ्या मेनूसाठी, तयार नमुने असायचे. लग्न, वाढदिवस, बाळाचे आगमन, सहल. अभिवादन सभेचा, मोर्चाचा, मुलाखतीचा नमुना कशाला असेल? आम्ही 'सहल' घेतले आणि त्यातली नारळाची झाडे एकेक करून पुसली. डिस्कवर ४.७ जीबी छापलेले असते, ते कंपनीच्या हिशोबाने. कॉम्प्युटरच्या हिशोबाने त्यात ४.३८ च मावते. आपण साडेचारचे काम जमवलेले असते आणि शेवटच्या पायरीला 'जागा नाही' असा निरोप येतो. आवाजाचा घोळ त्याहून वाईट. कॅमेऱ्याने आवाज ३२ किलोहर्ट्झवर घेतलेला, डीव्हीडीला ४८ लागतो. बदल करताना आमच्या सॉफ्टवेअरने थोडेथोडे सोडत नेले. पहिली दहा मिनिटे काही कळत नाही, चाळिसाव्या मिनिटाला आजींचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. शेवटी आवाज वेगळा काढून पाच-पाच मिनिटांचे तुकडे हाताने जुळवले.

आणि एवढे करून झाल्यावर कळले, की आजींच्या घरी डीव्हीडी प्लेअरच नाही, व्हीसीडीचा आहे. तो बिचारा डीव्हीडी वाचूच शकत नाही. वस्तीत फिरून पाहिले तर निम्म्याहून जास्त घरांत हीच गत. मग त्याच कामाची व्हीसीडी. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे चित्र, म्हणजे डीव्हीडीच्या पावपट. जी ३०० चित्रे बनवली होती त्यातली अक्षरे मुंगीएवढी झाली, ती सगळी पुन्हा मोठी करून लावली. आमच्या गटातल्या एकाने तेव्हा वैतागून विचारले, "एका म्हातारीसाठी एवढं?" तो आता शिक्षक आहे आणि हा लेख वाचेल, म्हणून इथेच उत्तर देते: हो, एका म्हातारीसाठी एवढं.

टिटवाळ्याला महागणपतीच्या वाटेवर दुकानांच्या रांगा आहेत. आरत्यांच्या, भक्तिगीतांच्या चकचकीत रंगीत वेष्टनातल्या सीड्या तिथे तेव्हा ढिगाने मिळायच्या. त्यामागे मोठ्या कंपन्या, मोठे स्टुडिओ. आमच्या डिस्कवर मार्करने नाव लिहिलेले. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जे स्टॉल लागतात त्यातही गाण्यांच्या आणि भाषणांच्या डिस्का पाहिल्या तर बहुतेक याच घरगुती पद्धतीच्या. मला त्याची लाज वाटत नाही. दु:ख एवढेच वाटते, की ज्या हातांनी त्या बनवल्या ते हात आपल्याला माहीत नाहीत, आणि मूळ चित्रण कुठे आहे हे तर कोणालाच माहीत नाही.

आता कात्रीकडे येते. सॉफ्टवेअरने जेरीस आणल्यावर मधल्या काळात आम्ही एका लग्नाच्या स्टुडिओत गेलो होतो. माणूस चांगला होता, पैसेही कमी घेतले. त्याने काम करून दिले त्यात फुले उडत होती, एका चित्रातून दुसऱ्यात जाताना बदाम फिरत होते. ते काढायला सांगितले, त्याने काढले. खरी गोष्ट नंतर ध्यानात आली. आजी दादरहून परत आल्यानंतरचे सांगत होत्या. "बापानं देव टोपलीत भरलं नि काळूत नेऊन सोडलं. आय दारात उभी होती." यानंतर मूळ टेपेवर आजी अकरा सेकंद गप्प आहेत. पदराचे टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात. मग म्हणतात, "चार दिस ती जेवली नाय." स्टुडिओवाल्याने ती अकरा सेकंदे काढून टाकली होती. मी विचारले तर म्हणाला, "ताई, लोक कंटाळतात हो. टीव्हीवर बघा, दोन सेकंदांच्या वर कोणी गप्प असतं का?" त्याच्या दृष्टीने ती रिकामी जागा होती. अकरा सेकंदे काढल्यावर आजी असे बोलताना दिसतात जणू शेजारणीचा निरोप सांगत आहेत.

तिथून आम्ही काम परत घेतले, आणि मी एडिटिंग स्वतः शिकायला बसले. पण मित्रहो, कात्री आपल्या हातात आली म्हणून प्रश्न संपत नाही, हेही मला लगेच कळले. पहिली प्रत आमच्याच काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना दाखवली. ते म्हणाले, आई चार दिवस जेवली नाही हा भाग काढा. विरोधक वापरतील. म्हणतील, बघा, धर्मांतर घरच्या बायकांवर लादले. एक काका तर रागावलेच, "बाई, तू चळवळीची की त्यांची?"

मी तो भाग काढला नाही. कारण टेप पुढे चालते. आजी पुढे सांगतात, "पाचव्या दिशी तिनंच फळी पुसली नि पेपरातला बाबासाहेबांचा फोटू तिथं लावला." चार दिवस काढून टाकले तर पाचवा दिवस उरतच नाही. ज्या बाईला सासरहून मिळालेले देव एका दुपारी नदीत गेलेले पाहावे लागले, तिने चार दिवस स्वतःशी भांडून निर्णय घेतला. याला मी लादलेले धर्मांतर म्हणणार नाही. विचार करून केलेले धर्मांतर असेच असते, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ दाखवायला पडद्यावर अकरा सेकंदे लागतात. काकांशी वाद दोन तास चालला. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही, पण विहारात डिस्क दाखवली तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले होते.

मला वाटते आपण संकलनाकडे सजावट म्हणून पाहतो. प्रत्यक्षात तो निर्णय असतो: काय राहील, काय जाईल. आणि हे बाबासाहेबांइतके कोणाला कळले होते? १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हा प्रसंग आपण शंभर भाषणांत ऐकला आहे. पण त्यातून बाबासाहेबांनी काय केले ते आपण पुढे सांगत नाही. ते दुसऱ्याच्या दारात लेख घेऊन उभे राहिले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी आपली पत्रे काढली आणि आपला छापखाना उभा केला. भारत भूषण आणि नंतर बुद्ध भूषण प्रिंटिंग प्रेस ही नावे तरुणांनी पाठ करावीत अशी आहेत. खिळे जुळवणारा, प्रुफे तपासणारा, यंत्र चालवणारा हा सगळा कारखाना विचारांइतकाच गरजेचा आहे हे त्यांना ठाऊक होते. २०१६ च्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला छापखाना पहाटेच्या अंधारात पाडला गेला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. पण आजचा छापखाना म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर आपले चित्रण कापले-जोडले जाते तो. त्याची देखभाल कोण करतो?

चित्रणाची ताकद किती असते याची दोन उदाहरणे देते. नामदेवराव व्हटकरांनी ७ डिसेंबर १९५६ ला पदरचे पैसे घालून बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण केले. आज तो जनसागर आपण डोळ्यांनी पाहू शकतो तो त्यांच्यामुळे. आजी ते चित्रण टीव्हीवर लागले की टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायच्या. बाप कुठे दिसतो का ते बघायला. दुसरे उदाहरण घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरचे. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात १० माणसे मेली. जमाव टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असे पोलीस सांगत होते. न्या. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. शाहीर विलास घोगरे यांनी त्या धक्क्यात जीव दिला. तिथून आनंद पटवर्धन यांनी जे चित्रण सुरू केले ते चौदा वर्षे चालले आणि 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून मोठा माहितीपट तयार झाला. त्यात सभा आहेत, शाहिरांची गाणी आहेत, मेलेल्यांच्या घरची माणसे आहेत. चौदा वर्षांच्या टेपा जपल्या, वर्गवारी केली, पुन्हा पुन्हा पाहिल्या, म्हणून हे शक्य झाले. आपल्यातल्या किती जणांकडे चार वर्षांपूर्वीच्या १४ एप्रिलचे मूळ चित्रण आहे?

यावर नेहमीचा आक्षेप: ताई, डीव्हीडीचा जमाना गेला, आता मोबाईलवर शूट करा आणि यूट्यूबवर टाका, कशाला जुनी रड? जमाना गेला हे खरेच आहे. विंडोज व्हिस्टा आणि सेव्हनमध्ये डीव्हीडी बनवायचा प्रोग्राम सोबत यायचा, आठव्या आवृत्तीत तो काढला. अॅडोबीचे डिस्क बांधायचे एन्कोअर सीएस-६ नंतर बंद झाले. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची खाचच नसते. पण म्हणूनच घाई आहे. २००० ते २०१२ च्या दरम्यानचे आपले सगळे चित्रण त्या डिस्कांत आहे आणि घरी भाजलेली डिस्क कायमची नसते. तिच्यातला रंगाचा थर ऊन, दमट हवा आणि वय यांनी खराब होतो. कोकणपट्टीचा पावसाळा तिला मानवत नाही.

यूट्यूबविषयी एवढेच सांगते. तिथे जरूर टाका, पण तिथे ठेवले म्हणजे जपले असे समजू नका. मिरवणुकीत मागे वाजणारे भीमगीत एखाद्या कॅसेट कंपनीच्या नावावर नोंदलेले असते. यंत्र ते ओळखते आणि तुमच्या व्हिडिओवर दावा येतो. ज्या शाहिराने ते वस्तीत गायले त्याला त्याची खबरही नसते. आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ तर पिळून बारीक केला जातो. तिथून आलेली मुलाखत म्हणजे मूळ नव्हे, झेरॉक्स.

मी सध्या विहारात महिन्यातून दोन रविवार हेच काम करते. लोक घरातून डिस्का आणतात, आम्ही उतरवून देतो. काही गोष्टी सांगून ठेवते, कोणाला तरी उपयोगी पडतील. डीव्हीडी उघडलीत की व्हिडिओ टीएस नावाचे फोल्डर दिसते, त्यात व्हीओबी नावाच्या फाइली असतात. एकेक फाइल फार तर एक जीबीची असते. पुष्कळ लोक त्यातली एकच कॉपी करतात आणि मग कार्यक्रम अर्ध्यात संपला म्हणून हळहळतात. अख्खे फोल्डर घ्या. आधी जशीच्या तशी प्रत काढा, मोबाईलसाठी लहान प्रत नंतर. त्याला हँडब्रेक नावाचे फुकट सॉफ्टवेअर पुरते, आणि पाहायला व्हीएलसी. एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह, शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, कोणाच्या कपाळावर नाव छापत नाहीत. चोरीच्या प्रती वापरायची आता गरजच उरलेली नाही. छोट्या, आठ सेंटीमीटरच्या डिस्का ज्यांच्याकडे आहेत त्यांनी खास लक्ष द्या. त्या कॅमेऱ्यातच भरल्या जायच्या आणि शेवटी कॅमेऱ्यातूनच 'फायनलाइज' कराव्या लागायच्या. ते केलेले नसेल तर कॉम्प्युटर त्या डिस्कला कोरी समजतो. कोरी दिसली म्हणून फेकू नका, कॅमेरा शोधा. डिस्क अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर, तिसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहा. उल्हासनगरला जुने ड्राइव्ह स्वस्तात मिळतात. गेल्या महिन्यात एका ताईंच्या लग्नाआधीच्या, महिला मंडळाच्या शिबिराची डिस्क चौथ्या ड्राइव्हवर चालली. त्यात त्यांची आता नसलेली बहीण भाषण करताना आहे. सहा मिनिटे.

पोरींना मी मुद्दाम या कामाला बसवते. कॅमेऱ्यासमोर गाणी म्हणायला, दीप लावायला पोरी आणि मागे यंत्रावर पोरे, ही वाटणी आपल्या विहारातही आहेच. माझ्यासोबत सध्या दोघी आहेत, अकरावी-बारावीच्या. त्यातली एक माझ्यापेक्षा चांगली कापते. परवा तिने एका मुलाखतीतला गप्प बसलेला भाग तसाच ठेवला आणि मला विचारले नाही.

आजी २०१६ ला गेल्या. त्यांची ५२ मिनिटांची डिस्क आमच्याकडे तीन ठिकाणी जपलेली आहे. पण चार टेपांत साडेतीन तास आहेत आणि त्यातले जवळजवळ अडीच तास कोणीच पाहिलेले नाहीत. त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क २०१३ मध्ये जळाली, उसना कॅमेरा मालकाने भंगारात दिला. उरलेल्या भागात आजी काय काय बोलल्या आहेत ते मला तुकड्यातुकड्याने आठवते. वीटभट्टीवरची मजुरी, पाण्याची विहीर, शाळेत बसायची जागा, आणि एक ओवी, जी त्यांच्या आईची होती असे त्या म्हणाल्या होत्या. टेपांना अजून बुरशी लागलेली नाही, मी दर पावसाळ्यानंतर पाहते. मिनी-डीव्ही टेप चालवणारा, फायरवायरची जोडणी असलेला चालू कॅमेरा किंवा प्लेअर कोणाकडे पडून असेल, तर कसारा ते दादर, कुठेही असो, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि आठ दिवसांत परत आणून देईन.